दोन पाळ्या

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला 'पाळी' हा शब्द दोन अर्थांनी ठाऊक असतो. कारखान्याच्या फाटकावर पहिली पाळी, दुसरी पाळी आणि रात्रपाळी असते. दवाखान्यात याच शब्दाने स्त्रीच्या मासिक ऋतुस्रावाविषयी बोलले जाते. भोसरीच्या परिसरात गेली सत्तावीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय करताना हे दोन्ही अर्थ रोज माझ्या कानांवर पडत आले आहेत. आजचा आपला विषय आहे स्त्रियांचे मानसशास्त्र आणि त्यातील 'लिंगभाव' व 'स्त्रीवाद' या दोन प्राथमिक संकल्पना. नावे जड आहेत. परंतु वाचकहो, या दोन पाळ्यांमधला फरक ध्यानात आला की विषयाचा गाभा हाती लागतो, असा माझा अनुभव आहे.

एक पाळी शरीराने दिलेली असते. ती बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू होते आणि साधारणपणे पंचेचाळीस ते पन्नास या वयात थांबते. दुसरी पाळी समाजाने नेमून दिलेली असते. भाऊ अंगणात खेळत असताना सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हाती केरसुणी येते, त्या दिवशी ती सुरू होते. पुढे तिच्यात डबे येतात, मुलांचे अभ्यास येतात, सासऱ्यांचे पथ्य आणि सासूबाईंच्या औषधांच्या वेळा येतात. ही पाळी थांबण्याचे वय कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही. कारखान्यातून माणूस साठीच्या आसपास निवृत्त होतो, सत्काराची शाल घेऊन घरी येतो. त्याच घरातल्या सत्तरीच्या आजी मात्र पहाटे उठून सर्वांसाठी चहाचे आधण ठेवतात.

पहिल्या गोष्टीला अभ्यासक 'लिंग' म्हणतात, म्हणजे स्त्री-पुरुषांमधील शारीरिक भेद. दुसरीला म्हणतात 'लिंगभाव', म्हणजे त्या शारीरिक भेदावर समाजाने रचलेली कामे, अपेक्षा, बोलण्या-वागण्याच्या रीती आणि मानापमान. हा फरक स्पष्टपणे मांडणारे अॅन ओकली या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ विदुषीचे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीर जगभर साधारण सारखेच असते; रीती मात्र गावागावांत आणि पिढीपिढीत बदलतात. म्हणून एखादी गोष्ट 'बाईचा स्वभावच तसा' असे म्हणून आपण सोडून देतो, तेव्हा ती शरीरातून आली की रीतीतून, हे आधी विचारावे. वैद्यकात निदानावाचून उपचार नसतो. घरातही तोच क्रम बरा.

शरीराने दिलेले काय?

स्त्रीवाद म्हणजे शरीरभेद नाकारणे, असा एक गैरसमज आहे. कोणताही डॉक्टर तो भेद नाकारणार नाही. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि हाडांची झीज वेगाने होऊ लागते. म्हणूनच घरातल्या घरात पाय घसरून मनगट वा खुबा मोडण्याचे प्रसंग वयस्क स्त्रियांमध्ये अधिक दिसतात. थायरॉइडचे विकार स्त्रियांत अधिक आढळतात. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखणे हे स्त्री-पुरुष दोघांतही प्रमुख लक्षण असले, तरी स्त्रियांमध्ये धाप, मळमळ, जबडा वा पाठ दुखणे आणि अकारण गळून जाणे ही लक्षणे तुलनेने जास्त दिसतात. ती 'पित्ता'च्या नावावर खपून जातात. आणि एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असावी: पाळी कायमची बंद होऊन वर्ष उलटल्यानंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी तपासणी करून घेणे आवश्यक आहे. लाजेने दिवस काढण्याची ती बाब नव्हे.

परंतु शरीर आणि रीत यांच्या सीमारेषेवरच्या तक्रारी याहून जास्त असतात. रक्तक्षयाचेच पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. या तफावतीचा काही भाग मासिक पाळी आणि बाळंतपणे यांनी समजतो, पण सगळा नाही. शेवटी जेवायला बसणारीच्या ताटात काय उरते, हाही त्या आकड्याचाच एक भाग आहे. भाजी संपलेली असते, म्हणून ती पोळी चहात बुडवून खाते आणि विचारले तर म्हणते, 'मला आवडते तशी.'

दुसरे उदाहरण लघवीवर ताबा न राहण्याचे. बाळंतपणांनंतर आणि वयानुसार ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. खोकताना, हसताना कपडे ओले होतात. हे शरीराचे झाले. पण ते कोणाला सांगायचे नाही, लग्नाकार्याला जायचे असेल तर सकाळपासून पाणीच प्यायचे नाही आणि पुढे कार्यक्रमांनाच जायचे बंद करायचे, हे शिकवलेले असते. पाणी कमी पडल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, तो वेगळाच. वास्तविक या स्नायूंचे साधे व्यायाम असतात आणि त्यांनी पुष्कळ स्त्रियांना गुण येतो. औषधाच्या आधी तिथे बोलण्याची मुभा लागते.

रीतीने शिकवलेले काय?

आपले शहर या बाबतीत मोठे बोलके आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला; पुढे वाहने, इंजिने आणि यंत्रांचे सुटे भाग यांच्या कारखान्यांनी सारा पट्टा भरून गेला आणि १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. सातारा, सोलापूर, मराठवाडा, खानदेश इथून तरुण आले, खोली घेऊन राहिले, मग बायको आणि वृद्ध आईवडील आले. यंत्रावरचे काम पुरुषाचे, हे इतके गृहीत होते की ते कोणी सांगावेही लागत नसे. १९४८ च्या कारखाना कायद्यात स्त्रियांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेबाहेर कामास लावू नये, असा सर्वसाधारण नियमच होता. रात्रपाळीची मुभा, तीही सुरक्षिततेच्या अटींसह, पुष्कळ उशिरा आली.

१९७४ साली पुण्याच्या टेल्को कंपनीची अभियंत्यांसाठी एक जाहिरात निघाली. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, असे तिच्यात नमूद होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या विद्यार्थिनीने ती वाचून थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड पाठवले. तिला पुण्यात मुलाखतीस बोलावण्यात आले आणि तिची निवड झाली. याच पुढे सुधा मूर्ती या नावाने आपणा सर्वांना परिचित झाल्या. या प्रसंगाकडे पाहण्याची एक रीत म्हणजे त्या मुलीच्या धाडसाचे कौतुक करणे. ते योग्यच आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने प्रश्न असा पडतो की, त्या पोस्टकार्डाच्या आदल्या दिवशी आणि नंतरच्या दिवशी स्त्रीच्या शरीरात वा बुद्धीत कोणता बदल झाला होता? कोणताही नाही. बदलली ती केवळ रीत. आज चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या जोडणीवर काम करणाऱ्या मुली कंपनीच्या बसमधून उतरताना दिसतात, तेव्हा 'हे बायकांना झेपणारे काम नाही' हे वाक्य किती खात्रीने बोलले जात होते, त्याची आठवण ठेवावी.

मलाही सुरुवातीच्या काळात लोक 'डॉक्टरीणबाई' म्हणत. आपल्याकडे हा शब्द स्त्री डॉक्टरसाठी वापरतात, तसाच डॉक्टरांच्या पत्नीसाठीही वापरत आले आहेत. त्यामुळे रुग्ण माझ्यासमोर बसून, दाराकडे पाहत, 'डॉक्टर कधी येतील?' असे विचारीत. त्यांत स्त्रियाही असत. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. डॉक्टर म्हटल्यावर त्यांच्या मनासमोर पुरुषाचे चित्र येई, इतकेच. लिंगभाव असाच काम करतो. तो पुरुषांच्या मनात असतो तितकाच स्त्रियांच्याही मनात असतो.

मानसशास्त्राने उशिरा पाहिलेला आरसा

मनाचा अभ्यास करणारे शास्त्रही या चित्रातून सुटले नाही. 'हिस्टेरिया' हा शब्दच ग्रीक भाषेतील गर्भाशयवाचक शब्दावरून आला. स्त्रीची अस्वस्थता तिच्या गर्भाशयातून उगवते, अशी समजूत शतकानुशतके टिकली. अमेरिकेतील मानसविकारांच्या वर्गीकरणातून हे जुने निदान १९८० मध्ये वगळले गेले. १९७० मध्ये इंगे ब्रोव्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्या ७९ अनुभवी तज्ज्ञांपैकी काहींना निरोगी पुरुषाचे, काहींना निरोगी स्त्रीचे आणि काहींना केवळ 'निरोगी प्रौढ व्यक्ती'चे वर्णन करण्यास सांगितले होते. निरोगी प्रौढ व्यक्ती आणि निरोगी पुरुष यांची वर्णने जवळजवळ जुळली. निरोगी स्त्रीचे वर्णन निराळे निघाले: अधिक नमते घेणारी, कमी स्वतंत्र, लवकर दुखावणारी. म्हणजे स्त्रीने 'चांगली बाई' व्हावे तर ती पूर्ण प्रौढ ठरत नाही आणि स्वतंत्र प्रौढ व्हावे तर ती चांगली बाई ठरत नाही. आपल्याकडच्या कित्येक सुनांना ही अडचण समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

हा प्रश्न परदेशातून आला, असेही म्हणता येत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. सुरतेच्या एका तरुण विधवेवरील खटल्याच्या निमित्ताने स्त्रीजातीवर जो चिखल उडवला जात होता, त्याला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. स्त्रियांच्या नावावर खपवलेले एकेक दुर्गुण घेऊन, ते पुरुषांत नाहीत काय, असे त्या विचारतात. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. सव्वाशे वर्षांनी, २००५ मध्ये, जॅनेट हाइड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषीने अशीच तुलना आकड्यांनी केली. स्त्री-पुरुषांतील मानसिक फरकांवरच्या असंख्य संशोधनांचे एकत्रित निष्कर्ष त्यांनी तपासले. मोजलेल्या फरकांपैकी ७८ टक्के फरक अगदी लहान किंवा नगण्य निघाले. बुद्धी, भावना, धीर, माया यांत दोघांमधील साम्य फरकापेक्षा खूप मोठे आहे.

स्त्रीवाद या शब्दाचा अर्थ म्हणूनच पुरुषांशी वैर असा नाही. रीतीने केलेली वाटणी शरीराने केली आहे असे भासवू नये आणि ती वाटणी एका बाजूला अन्याय करीत असेल तर बदलावी, एवढी ती साधी मागणी आहे. मानसशास्त्रात या दृष्टीचा उपयोग असा की, स्त्रीचे दुःख पाहताना 'हिच्यात काय बिघडले आहे?' या प्रश्नाबरोबर 'हिच्यावर काय काय लादलेले आहे?' हाही प्रश्न विचारला जातो.

नोंद न होणारी पाळी

आर्ली हॉकशील्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८९ मध्ये नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या घरकामावर पुस्तक लिहिले आणि त्या कामाला 'दुसरी पाळी' असेच नाव दिले. कारखान्यांच्या आपल्या गावाला हे नाव चटकन पटावे. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत दिसले की, एका दिवसात १०० पैकी ८१ स्त्रिया बिनपगारी घरकाम करतात आणि त्या सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास त्यात घालवतात. पुरुषांपैकी असे काम करणारे १०० मध्ये २६ होते आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटे होती. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ मिनिटे असे आले. पाच वर्षांत दोघांचीही मिनिटे थोडी घटली. अंतर तेवढेच राहिले.

या पाळीचा मनावर होणारा परिणाम मी दवाखान्याच्या दाराशी पाहते. वयस्क जोडपे येते. त्यांची फाइल जाड असते. रक्तदाब, साखर, सारे तपशील पत्नीला तोंडपाठ असतात. गोळी कोणत्या रंगाची आणि कोणत्या वेळेची, हे तीच सांगते. तपासणी संपते, ते पैसे देण्यास वळतात आणि ती उंबरठ्यावर थांबून हळूच म्हणते, 'माझेही जरा बघाल का? काही नाही हो, वयच झालंय.' या 'काही नाही'च्या मागे कधी १८० चा रक्तदाब असतो, कधी महिनोन्‌महिने न लागलेली झोप, कधी स्तनातली गाठ. तिला खुर्चीवर पुन्हा बसवावे लागते.

आपल्या इच्छा, राग आणि दुखणे गिळून नाते टिकवण्याची ही सवय डेना जॅक या मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९९१ मध्ये अभ्यासली आणि तिचा संबंध स्त्रियांच्या नैराश्याशी जोडला. नैराश्य स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा अधिक आढळते. संप्रेरकांचा त्यात वाटा आहे. पण 'समजूतदार' या विशेषणाचाही आहे. आपल्याकडे ज्या मुलीला लहानपणापासून समजूतदार म्हटले जाते, तिला बहुधा काहीतरी सोडून द्यायला लावलेले असते. म्हातारपणी हे नैराश्य रडण्याच्या रूपात येईलच असे नाही. ते सतत अंग दुखण्यात, चिडचिडीत, जेवणावरून उडालेल्या मनात, 'आता देवाने न्यावे' या पुन्हा पुन्हा आलेल्या वाक्यात येते. काळजी घेणाऱ्यांनी ते वाक्य बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नये.

शुश्रूषा कोणी करायची?

माझी आई एकाहत्तराव्या वर्षी न्हाणीघरात पडली आणि तिचा खुबा मोडला. तिच्या हाडांचा इतिहास मला ठाऊक होता: दूध आम्हा मुलांना आणि वडिलांना, साय विरजणाला, आणि तिला कोरा चहा. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. भेटीस येणारे नातेवाईक मला विचारीत, 'मग आता दवाखाना किती दिवस बंद?' माझा धाकटा भाऊ चाकणला नोकरीस आहे. त्याला हा प्रश्न एकानेही विचारला नाही. उलट तो दिसला की म्हणत, 'बिचाऱ्याची फार धावपळ होते.' वहिनीला तर कोणी विचारलेच नाही. तिने रजा काढलेलीच असणार, असे धरून चालले होते.

रात्री मी पाहतो, असे भावाने स्वतःहून सांगितले. अडचण वेगळ्याच बाजूने आली. आईला ते मान्य नव्हते. 'मुलाने आईचे भांडे उचलायचे? लोक काय म्हणतील?' ती रात्रभर लघवी दाबून धरी आणि सकाळी वहिनी वा मी आल्यावर सांगे. दहा-बारा दिवसांत ताप भरला, मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. तेव्हा मी तिच्याशी मुलगी म्हणून नव्हे, डॉक्टर म्हणून बोलले. बऱ्याच वादानंतर तडजोड झाली: भावाने तिला धरून कमोडच्या खुर्चीवर बसवायचे, बाहेर जाऊन दार ओढून घ्यायचे आणि हाक आली की यायचे. ती चालू लागेपर्यंत हीच पद्धत राहिली. याहून पुढे ती गेली नाही आणि आम्हीही आग्रह धरला नाही. तिची लाज खरी होती, तिचा मान ठेवणेही शुश्रूषेचाच भाग होता. मात्र त्या रात्रींत आई झोपेअभावी बोलत बसे आणि ती शाळेत असताना खो-खोच्या संघात होती, हे भावाला पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथम कळले. मलाही त्याच्याकडूनच कळले.

इथे कायद्याची एक गोष्ट सांगणे उपयुक्त ठरेल. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणासाठी २००७ मध्ये केंद्र सरकारने कायदा केला. त्यातील अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा समावेश आहे. सुनेचा उल्लेख त्या व्याख्येत नाही. कायद्याने ज्यांच्यावर जबाबदारी टाकली ते आणि घराने जिच्यावर टाकली ती, यांत किती अंतर आहे, हे आपणच पाहावे. सून प्रेमाने करते तेव्हा तो तिचा मोठेपणा असतो. तिच्यावाचून दुसरे नावच निघत नसेल, तर ती वाटणी पुन्हा एकदा तपासावी.

पुरुषांनाही याची किंमत मोजावी लागते

रीतीने पुरुषाला दिलेल्या पाळीचाही भार असतो. कमवायचे, रडायचे नाही, मदत मागायची नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात आत्महत्या केलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के पुरुष होते. स्त्रियांत नैराश्य अधिक आणि आत्महत्येने मृत्यू मात्र पुरुषांचे अधिक, या विसंगतीमागे जी कारणे आहेत, त्यांत दुःख बोलून न दाखवण्याची शिकवण हे एक मोठे कारण मानले जाते. निवृत्तीनंतर ओळखपत्र परत केलेला कामगार सकाळी उठून कुठे जावे हे न कळून बसस्टॉपवर बसलेला मी पाहिला आहे. पत्नीच्या निधनानंतर तीन महिन्यांत ज्यांची साखर तीनशेच्या वर गेली, असे वृद्धही पाहिले आहेत. त्यांच्या घरात डबा कुठला, डाळ कुठली, आपली गोळी कुठली, हे माहीत असणारे माणूसच गेलेले असते.

उलट एका घरी वेगळे दृश्य होते. लेथ मशिनवर आयुष्य घालवलेले आजोबा, आजींना पक्षाघात, मुलगा आणि सून दोघेही नोकरीस. आजोबांनी कारखान्यात लावतात तसा पाळीपत्रकाचा कागद भिंतीवर चिकटवला होता: कूस बदलण्याच्या वेळा, औषधे, व्यायाम आणि प्रत्येकापुढे नाव. सून, मुलगा, स्वतः. रविवारी दुपारी तळेगावहून येणारी मुलगी. सुनेच्या नावापुढे आठवड्यातून एक दिवस 'सुट्टी' असे लिहिले होते. मी चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, 'मॅडम, मशिनसुद्धा सर्व्हिसिंगला थांबवतो आम्ही.' आजींच्या पाठीला अखेरपर्यंत जखम झाली नाही.

काय करता येईल?

आजीबाईंनो, दवाखान्यात येताना आपल्या तक्रारी कागदावर लिहून आणा आणि त्या खुर्चीवर बसून सांगा, दाराशी नव्हे. स्वतःचे रक्त, रक्तदाब, डोळे आणि हाडे यांची तपासणी वर्षातून एकदा वेगळ्या दिवशी करा. यजमानांच्या तपासणीला जोडून नको. जेवायला सर्वांबरोबर बसा. पहिले काही दिवस चुकल्यासारखे वाटेल; सवयीचे मोडणे तसेच वाटते.

आजोबांनो, चहा, खिचडी आणि आपल्या गोळ्यांचा डबा एवढे तरी स्वतःच्या हाती घ्या. पत्नीला मदत म्हणून नव्हे, आपल्या स्वतःच्या प्रकृतीसाठी. मनात साचलेले मित्राजवळ, मुलीजवळ, डॉक्टरांजवळ बोलावे. हा दुबळेपणा नाही.

काळजी घेणाऱ्या मुलामुलींनो आणि सुनांनो, घरात आजारपण आले की पहिल्या आठवड्यातच सर्वांनी एकत्र बसून कामांची यादी करा. रात्रीचे उठणे, फोन करणे, हिशेब ठेवणे, रुग्णाची चिडचिड सोसणे ही सारी कामे त्यात लिहा. न लिहिलेले काम नेहमी एकाच व्यक्तीच्या वाट्याला जाते. जी व्यक्ती सर्वाधिक करते, तिची झोप आणि तिचा रक्तदाब यांचीही चौकशी करा. सलग दोन आठवडे मन उदास राहिले, झोप-भूक उडाली, जगणे नकोसे वाटले, तर डॉक्टरांना भेटा. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासासाठी आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मदतवाहिनीच्या १४५६७ या क्रमांकावर इतर अडचणींसाठी विनामूल्य बोलता येते.

शरीराने दिलेल्या पाळीसाठी आमच्याकडे औषधे आहेत. रीतीने दिलेल्या पाळीवर डॉक्टरांचे औषध चालत नाही. ती घरातल्या माणसांनीच वाटून घ्यावी लागते. आज रात्रीची भांडी कोण घासणार, एवढ्या साध्या प्रश्नापासून आरंभ करता येईल. आणि उत्तर ठरवताना घरातल्या सर्वात वयस्क स्त्रीला तिचे मत अवश्य विचारावे. ते तिला फारसे कोणी विचारलेले नसते.